दोन जावा आणि प्राणबिंदू

आधी गर्दी

"आला! अहो, आला!"

आचारी व्यासपीठावर उभ्या उभ्या ओरडला आणि समोरची माणसं खुर्च्यांवरून अर्धी उठली. या आचाऱ्याने जन्मभर नुसत्या वासावर फोडणी ओळखली होती. कोरोना होऊन गेला आणि दूध करपलं तरी त्याला कळेनासं झालं. त्याच माणसाच्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहत होतं. नाक लाल झालं होतं आणि मान मागे फेकली गेली होती.

"काय झालं, बाळा?" श्वासगुरूंनी मायेने विचारलं. आचारी त्यांच्याहून वयाने मोठा होता, पण व्यासपीठावर चढला की सगळे बाळच.

"नाक उघडलं, गुरुजी! वास आला!"

कसला वास, हे कुणी विचारलं नाही. टाळ्याच एवढ्या पडल्या.

जागा म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. काही खुर्च्यांच्या पायांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. त्यांवर बसलेली माणसंही तशीच, अर्धवट उलगडलेली. ताप केव्हाच उतरला होता, तपासणी स्वच्छ आली होती, घरच्यांनी "सुटलीस बाई एकदाची" म्हणून झालं होतं. तरी कुणाला दोन जिने चढले की धाप लागायची, कुणाच्या फणीत केसांचे पुंजके यायचे, कुणी बोलता बोलता शब्द विसरायचं. आणि बहुतेकांचं नाक गेलेलं. कुशीत तान्हं घेतलेली एक तरुण आई होती. तिला आपल्या बाळाच्या टाळूचा वास एकदाही आला नव्हता.

श्वासगुरू पूर्वी गाड्यांत टांगायची सुगंधी पाकिटं विकत फिरायचे. माल बदलला, जीभ तीच राहिली.

"डॉक्टर सांगतात, कोरोना गेला. गेला कुठे? पाहुणा गेला, पण चपला दारात ठेवून गेला! देह म्हणजे घर, नाक म्हणजे दार. त्या चपला मी उचलतो. या प्राणबिंदूने!" त्यांनी बोटाएवढी कुपी वर धरली. "निर्मळ मनाचं दार चटकन उघडतं. पण ज्याच्या मनात हेवा आहे, दुसऱ्याचं चांगलं झालं की ज्याच्या पोटात दुखतं..." इथे ते थांबले. सगळ्या रांगांवरून नजर फिरवली. "...त्याचं दार आतून बंद. आज उघडलंच, तरी घरी पोचेपर्यंत वास विरून जातो. तिथे मी काय करणार? मी श्वासगुरू आहे, सुतार नाही!"

लोक हसले. हसता हसता प्रत्येकाने आपापल्या मनात एकदा डोकावून घेतलं.

"आता कोण?"

तिसऱ्या रांगेतून धाकटी उठली. तिची जाऊ, थोरली, शेजारीच होती. थोरलीला वाटलं, ही जरा विचारेल, ताई, आधी तुम्ही जाता का? तिने विचारलं नाही.

कुपी धाकटीच्या नाकाशी गेली. मान मागे, डोळ्यांत पाणी, छाती भरून श्वास. मग तिने डोळे उघडले. आधी गुरूंकडे पाहायचं सोडून तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"आला," ती म्हणाली.

थोरलीनेही टाळ्या वाजवल्या. तळहात चुरचुरेपर्यंत वाजवल्या.

गर्दीच्या मागचं घर

दोघींच्या घरचं कॉफीचं दुकान. पुढे सासूबाई आणि त्यांचे दोघे मुलगे गिऱ्हाइकांशी बोलत. मागे भट्टीची खोली. तिथे कच्च्या, हिरवट बिया गॅसवर फिरणाऱ्या लोखंडी ढोलात भाजायच्या आणि नेमक्या क्षणी झाकण उघडून परातीत ओतायच्या. एवढंच काम, पण सगळा जीव त्या नेमक्या क्षणात. तो क्षण नाकाने ठरायचा. आधी ओल्या गवताचा वास, मग भाजत्या पावाचा, मग एक गोड करपट. ती गोडी कडू व्हायच्या आत उघडायचं. भट्टीच्या खोलीत घड्याळ आणायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक. "आज हवा दमट आहे की कोरडी, हे घड्याळाला काय कळतं?" असं ते म्हणत.

सासरे गेले आणि ढोलासमोरचं स्टूल थोरलीकडे आलं. "हिच्या नाकाला तोड नाही," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. धाकटी गोण्या उपसायची, बियांतले खडे निवडायची, परातीतली कॉफी ढवळायची. स्टूलवर ती कधी बसली नाही. तिला बसू द्यावं, हे थोरलीला कधी सुचलं नाही.

मग कोरोना आला. दोघी एकाच खोलीत पडल्या. एकमेकींना पाणी दिलं, एकमेकींच्या कपाळाला हात लावून पाहिला. इतक्या सख्ख्या त्या आधी कधी झाल्या नव्हत्या. ताप उतरला. पण धाकटीने एक गोणी उचलली की दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठवेना. थोरलीला साधा शब्द आठवेना, झारा मागायचा तर "ते दे गं... ते ढवळायचं." हे हळूहळू कमी झालं. नाकं मात्र गेली ती गेलीच.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना चार-चार बाटल्या दिल्या होत्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायच्या, कित्येक महिने. थोरलीने काही आठवडे हुंगल्या. काही नाही, काही नाही, काही नाही, आणि चौथ्या बाटलीत जरासं काहीतरी. मग कंटाळली. बाटल्या फळीवर गेल्या, त्यांवर धूळ बसली.

तिने एकामागोमाग दोन भाजण्यांचा कोळसा केला. तेव्हा दिराने, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि स्वतः रंग बघून भाजायला लागला. कधी कच्ची, कधी कडू. गिऱ्हाइकं नाकं मुरडायला लागली. त्यांना नाकं होती.

थोरलीच्या डोळ्यांनी

आणि आता धाकटीचा वास परत आला होता.

सासूबाईंनी स्वतःच्या हाताने स्टूल पुसून ढोलासमोर ठेवलं. धाकटी बसली. बसली म्हणजे कशी? राणी बसते तशी! मान ताठ, डोळे मिटलेले, एक हात वर. "सगळे जरा गप्प बसा. मला वास घ्यायला शांतता लागते."

वास घ्यायला शांतता! थोरली भाजायची तेव्हा रेडिओ चालू असायचा, दिराशी वाद चालायचा, मध्येच फोन यायचा, तरी ढोल बरोबर वेळेला उघडायचा. ही बाई जणू यज्ञाला बसली होती.

जळू दे, थोरलीच्या मनात आलं. एकदाच जळू दे. मग तिला स्वतःची लाज वाटली. मग पुन्हा वाटलं, जळूच दे.

जळली नाही. बिया सारख्या, तकतकीत, हव्या त्या रंगाच्या निघाल्या. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "वा! आधीपेक्षाही छान."

आधीपेक्षा. थोरलीने ते ऐकलं आणि एकच परात तिसऱ्यांदा घासायला घेतली.

"तिचं चांगलं झालं, तर तुला कसला त्रास?" नवऱ्याने विचारलं.

"मला? मला कसला त्रास? मी खूश आहे!" ती म्हणाली आणि डब्याचं झाकण असं काही आपटलं की पुढच्या गल्ल्यावर सासूबाई दचकल्या.

पुढच्या एका सभेला ती स्वतःच उठून व्यासपीठावर गेली. कुपी नाकाशी आली. बर्फाची सुई वर शिरावी तसं काहीतरी थेट डोळ्यांपर्यंत गेलं. पाणी आलं, कपाळ हलकं झालं, श्वास मोकळा झाला. किती दिवसांनी त्या नाकात काहीतरी घडलं होतं!

"आला?" गुरूंनी विचारलं.

तिसऱ्या रांगेत धाकटी बसली होती.

"आला," थोरली म्हणाली.

नुसतं बोलणं

(घरी जाताना. पहिलं वाक्य धाकटीचं, पुढचं थोरलीचं, मग असंच आळीपाळीने.)

"आला ना, ताई?"

"आला की. तुला आला तसाच."

"मला कसा आला ते तुम्हाला काय माहीत?"

"अख्ख्या रस्त्याला माहीत आहे. गुरुजी प्रत्येक सभेत सांगतात. कॉफीवाल्यांची धाकटी सून म्हणजे जिवंत पुरावा!"

"मग उद्यापासून ढोलावर तुम्ही बसणार?"

"छे गं. तू बसतेस ना छान, डोळे मिटून. बस."

"स्टूल तुमचं आहे. हवं असेल तर मागा."

"माझंच मी मागू?"

"मग नका मागू."

"नाहीच मागत."

काहीतरी आणि काही नाही

घरी आल्या आल्या थोरलीने ताज्या कॉफीच्या बरणीत नाक खुपसलं. काही नाही. बरणी हलवली. काही नाही. घरी पोचेपर्यंत विरतो, गुरू म्हणाला होता. हेवा असेल त्याचा विरतो. म्हणजे माणूस खरा निघाला. त्याने तिच्या मनातलं नेमकं वाचलं होतं. आता हे कुणाला सांगायचं, आणि कुठल्या तोंडाने? "माझा वास टिकला नाही" म्हणणं म्हणजे "मी जळते" असा फलक गळ्यात अडकवणं.

काहीतरी जालीम औषध मागायला ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. बरं व्हायची घाई होतीच. धाकटीच्या पुढे जायची त्याहून जास्त होती.

"बाटल्या हुंगता का रोज?" बाईंनी विचारलं.

"हुंगत होते."

"होते? अहो, नाक म्हणजे काय दिव्याचं बटण आहे?"

थोरलीने मग सगळं सांगितलं. श्वासगुरू, कुपी, विरलेला वास. हेव्याचं तेवढं वगळलं. बाई ऐकता ऐकता उठल्या, तिला डोळे मिटायला लावलं आणि एक कापसाचा बोळा नाकाशी धरला.

"काही नाही," थोरली म्हणाली.

दुसरा. "काही नाही."

तिसरा. ती मागे सरकली. "आला! हा आला! अगदी तोच, गुरुजींचा!"

"डोळे उघडा. पहिला कॉफीचा होता. दुसरा कोरा. तिसऱ्याला मेंथॉल लावलंय, सर्दीच्या मलमात असतं ते. आता मला सांगा, तिसऱ्याचा वास कसा होता? गोड? आंबट? कशासारखा?"

थोरलीने विचार केला. "थंड," ती म्हणाली. तिचं तिलाच ते चमत्कारिक वाटलं.

"थंड हा वास नाही, स्पर्श आहे. नाकात दोन वेगळ्या तारा असतात असं समजा. एक वासाची. तिच्या मुळाशी जे अस्तर असतं ते या विषाणूने खराब केलं. दुसरी झोंबण्याची. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणते ती. मिरचीचा ठसका, कापराचा गारवा, अमोनियाचा झणका, सगळं तिच्यावरून जातं. ती तुमची शाबूत आहे. निलगिरीच्या बाटलीत जरासं जाणवायचं ना? ते हेच. तुमचा गुरू दुसरी तार ओढतो आणि पहिली वाजली म्हणून सांगतो. महिनोन् महिने नाकात काहीच न घडलेल्या माणसाला ते वासच वाटतं."

"म्हणजे कुणालाच आलेला नाही?"

थोरलीला सत्य कळल्याचा आनंद झाला, पण खोटं कशाला बोला, त्याहून मोठा आनंद निराळाच होता. धाकटी खोटी आहे! धाकटीलाही येत नाही!

"असं म्हणू नका," बाई म्हणाल्या, जणू तिचा चेहरा वाचून. "एखादीचा खरंच आला असेल. पुष्कळांचा आपोआप येतो, काहींचा उशिरा, काहींचा नाहीही येत. आणि नेमक्या त्याच सुमारास असा गुरू भेटला, की श्रेय त्याला जातं."

आनंद अर्ध्यावर आला. कारण धाकटीची कॉफी तर बरोबर भाजली जात होती. वास नसता तर भाजली असती का?

जिन्यावर थोरली थांबली. धाप लागली म्हणून, आणि एक वाक्य आठवलं म्हणून. मला वास घ्यायला शांतता लागते.

ग्राइंडर

सकाळी धाकटी स्टूलवर बसली, ढोल फिरू लागला. थोरली कोपऱ्यातल्या मोठ्या ग्राइंडरपाशी गेली आणि बटण दाबलं. खोली घरघराटाने भरून गेली.

"ताई! बंद करा ते!"

"का? मोठी ऑर्डर आहे, दळायला नको?"

"मला वास घ्यायचाय!"

"घे की! मी काय तुझं नाक धरलंय?"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. ती ढोलाला जवळजवळ कान लावून वाकली. पळीने चार बिया काढून उजेडात धरल्या, बिया सांडल्या. "ताई, तुमच्या पाया पडते, बंद करा!" थोरली मान डोलावत उभी राहिली. कळतंय, कळतंय, आणखी थोडं.

त्या आणखी थोड्यात बिया काळ्या झाल्या. ढोलाखाली, धाकटीच्या स्टूलामागे, उडालेली फोलपटं साठायचा पत्र्याचा डबा होता. त्यात ठिणगी पडली. फोलपटं आधी धुमसली. दोघी तिथेच, हातभर अंतरावर. धूर नाकात जात होता आणि दोघींच्याही गावी नव्हतं.

"जळतंय! अगं बायांनो, जळतंय!" पुढून सासूबाई ओरडत धावत आल्या. "कुणालाच कळत नाही का?"

थोरलीने मागे पाहिलं. डब्यातून जाळ वर आला होता आणि धाकटीच्या बाहीचं टोक त्याने धरलं होतं. थोरलीने रिकामी गोणी ओढली, धाकटीला त्यात गुंडाळलं आणि हातांनी थापटत सुटली. सासूबाईंनी गॅस बंद केला, बादली ओतली. वाफेत आणि धुरात तिघी खोकत उभ्या राहिल्या. ग्राइंडर तेवढा घरघरत होता.

बाही जळाली होती. दंड लाल झाला होता, तेवढ्यावर निभावलं. थोरलीने ग्राइंडर बंद केला.

तेच, धाकटीच्या कानांनी

"मला काहीच येत नाही, ताई." थोरली दंडावर गार पाण्याची धार धरत असताना धाकटी म्हणाली. सासूबाई नुकत्याच पुढे गेल्या होत्या. "पहिल्या दिवसापासून काहीच नाही."

"मग भाजायचीस कशी?"

"ऐकून. बिया तडकतात ना. आधी लाह्या फुटल्यासारख्या मोठ्याने. मग थोडा वेळ गप्प. मग बारीक, वाळक्या काटक्या मोडल्यासारखं. ते दुसरं सुरू होतंय असं वाटलं की उघडायचं. तुम्ही भाजायचात तेव्हा मी मागे गोण्या उपसत ऐकायचे. इतकी वर्षं. स्टूल मिळालं नाही, पण कान तर माझे होते."

थोरलीला ते तडकणं कधी ऐकू आल्याचं आठवेना. रेडिओ चालू असायचा.

"मग त्या दिवशी 'आला' का म्हणालीस?"

"गार झोंबलं. वाटलं, हाच असेल वास. वास कसा असतो तेच विसरले होते. मग खाली बघितलं, तर तुम्ही. तोंड असं केलेलं." तिने करून दाखवलं. ते हुबेहूब होतं. "मग म्हटलं, आलाच. घरी आल्यावर कळलं काही नाही ते. पण सांगणार कसं? तो म्हणाला ना, हेवा करणाऱ्याचा टिकत नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, माझ्या मनात काय आहे."

"माझ्याबद्दल?"

"मग काय, सासूबाईंबद्दल?"

थोरली हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, खोकता खोकता रडू आलं. तिनेही तेच केलं होतं. तेच खोटं, त्याच कारणाने. आणि दोघींनी ते एकमेकींपासून जिवापाड लपवलं होतं.

"मी मुद्दाम चालू केला होता ग्राइंडर," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तू जळाली असतीस."

"तेही माहीत आहे, ताई. पाण्याची धार जरा इकडे धरा."

पुन्हा गर्दी

"आणि आता आपल्या सगळ्यांची लाडकी, जिवंत पुरावा!"

टाळ्यांत धाकटी व्यासपीठावर गेली. मागोमाग थोरली. डॉक्टरीणबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. "मी आधी बोलले तर तो म्हणेल, डॉक्टरांच्या पोटावर पाय आला," त्यांनी बजावलं होतं. "बोलायचं तुम्ही."

"गुरुजी, आज डोळे बांधून ओळखते," धाकटी म्हणाली. लोकांनी जल्लोष केला. गुरूंना नाही म्हणायला जागाच राहिली नाही.

थोरलीने तिच्या नाकाशी पहिला बोळा धरला. "काय आहे?"

"काही नाही."

"ताजी दळलेली कॉफी होती," थोरलीने सभेला सांगितलं. कुजबूज झाली. दुसरा बोळा धरला.

"आला! प्राणबिंदू! डोळ्यांतून पाणी आलं बघा!"

"हा औषधाच्या दुकानातला डोकेदुखीचा मलम," थोरलीने डबी वर धरली.

कुणीतरी फस्सकन हसलं. श्वासगुरूंनी थोरलीकडे बोट केलं, आवाज चढवला. "बघितलंत? हाच तो मत्सर! जावाजावांचं भांडण इथे आणलंत? या बाईचं मन काळं आहे, म्हणून हिचं दार बंद!"

"हो, काळं आहे," थोरली म्हणाली. "मी जळते हिच्यावर. रोज जळते. अजून जळते. मला वास आला नव्हता आणि मी इथे उभी राहून 'आला' म्हणाले, का, तर ही समोर बसली होती. पण हेव्याने नाक जात असतं, गुरुजी, तर माझं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच गेलं असतं! कोरोनाची वाट कशाला बघितली असती त्याने? आचारीदादा, तुम्हाला कसला वास आला होता हो?"

आचारी गडबडला. "कसला म्हणजे... झणझणीत. थंड."

"बर्फही थंड असतो, दादा. त्याला वास असतो का?"

तेवढ्यात पुढच्या रांगेतली तरुण आई उभी राहिली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"मला नाही आला," ती हळूच म्हणाली. "मागच्या वेळी मी आला म्हणाले होते. नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, ही कसली आई, हिचं मनच मैलं आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. मग मागून एक आवाज आला, "मलाही नाही." मग आणखी एक. मग आचारी, मान खाली घालून, "मलाही नाही बुवा." एकेक खुर्ची करकरत होती.

"आज वातावरण दूषित आहे," श्वासगुरू म्हणाले आणि पडद्यामागे गेले. ते परत आले नाहीत. कुपी टेबलावरच राहिली. डॉक्टरीणबाई पुढे आल्या, त्यांनी ती हुंगली. "मला वास येतो म्हणून सांगते. मेंथॉल, कापूर आणि चिमूटभर अमोनिया."

मग त्यांनी तारांची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचं आजारपण खरं आहे. तपासणी स्वच्छ आली तरी धाप, थकवा, विसराळूपणा, गेलेला वास उरतो. महिने, कधी वर्षंही. त्यात तुमचं पाप नाही, मनाचा दोष नाही. झटपट उपाय माझ्याकडेही नाही. तपासून घ्या, झेपेल तेवढंच काम करा, हुंगण्याचा सराव सोडू नका. मी खात्री देणार नाही. जो देतो त्याच्यापासून सावध राहा."

खात्री नाही म्हटल्यावर पुष्कळ लोक निराश होऊन गेले. ते साहजिकच होतं. पण काही थांबले.

घाण

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका भाजणीच्या मध्यात, धाकटी किंचाळून स्टूलवरून उठली आणि मोरीकडे धावली. ओकली.

"काय घातलंत ढोलात? रबर? टायर? सडलेलं काहीतरी?"

ढोलात नेहमीची कॉफी होती.

"त्या गुरूचा शाप लागला," ती रडायला लागली. थोरलीने तिला पाणी दिलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोनवर बाई इतक्या जोरात बोलल्या की धाकटीलाही ऐकू गेलं. "अहो, पेढे वाटा! वासाच्या तारा पुन्हा जुळताहेत, पण चुकीच्या जागी. म्हणून ओळखीच्या वस्तूची घाण येते. कॉफीचं तर हमखास होतं असं. त्रासदायक आहे, बराच काळ चालेल, पण बहुतेक वेळा ही चांगली खूण असते. हुंगणं चालू ठेवा म्हणावं."

थोरलीने फोन ठेवला. तिला त्या घाणीचा हेवा वाटला. सडक्या टायरचा हेवा! असा हेवा जगात कुणी केला नसेल. तिने बरणी उघडली, तोंड आत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला. धाकटी दारातून बघत होती. सासूबाई बघत होत्या. दीर काम टाकून आला होता.

"काय, ताई?"

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला कधी कुठल्या व्यासपीठावर, कुठल्या कुपीपुढे, दहा माणसांच्या डोळ्यांदेखत असं विचारलं जाईल. शेजारचा हो म्हणून गेलेला असेल. आपण नाही म्हटलं तर आपलं मन वाईट ठरेल असं कुणी आधीच सांगून ठेवलेलं असेल. तेव्हा एवढंच करा. "काय आलं?" असं स्वतःला विचारा आणि जे आलं तेवढंच सांगा. मनात हेवा असला तरी चालेल, भीती असली तरी चालेल. बुवाबाजी माणसाच्या पापावर चालत नाही, माणसाने गिळलेल्या "नाही"वर चालते.

"काही नाही," थोरली म्हणाली. "अजून काहीच नाही."

दिराने ती अर्धी भाजणी ओतून टाकली, ढोलात नव्या बिया फिरू लागल्या. धाकटीला त्या वासात उभं राहवेना, ती नाक चिमटीत धरून अंगणात पळाली आणि तिथून ओरडली, "ताई, स्टूलवर बसा! उघडायचं कधी ते मी सांगते. आधी त्या पहिल्या लाह्या ऐका!"

थोरली बसली. स्टूल तिचं होतं, कान अजून धाकटीचे होते. तिला पुन्हा एकदा कडकडून हेवा वाटला, आणि तिने उठून रेडिओ बंद केला.